वीतभर गाडी, गावभर उठाठेव

मी मॉडेल कार बनवतो असं सांगितलं की समोरच्याचा पहिला प्रश्न, "चालते का?" नाही चालत. मग "रिमोटवर?" रिमोटवर पण नाही. मग जरा वेळ विचार करून, "अच्छा, विकतोस होय!" तेही नाही म्हटलं की तो माणूस माझ्याकडे बघायचं सोडून माझ्या बायकोकडे बघतो आणि बायको डोळे मिटून अशी मान हलवते की त्याला सगळं कळतं. तिकिटं जमवणाऱ्याला कोणी विचारत नाही की ही पाकिटावर कधी चिकटवणार, मग आम्हीच काय घोडं मारलंय.

तर मी प्लास्टिकच्या किटमधनं जुन्या अमेरिकन मसल कार बनवतो, १/२५ स्केलमध्ये, म्हणजे खऱ्या गाडीचे पंचवीस मिलिमीटर तो माझा एक. मसल कार म्हणजे काय, तर मधल्या साइझच्या गाडीत कंपनीनेच तिला न झेपणारं इंजिन कोंबायचं आणि तरुण पोरांना परवडेल अशा भावात विकायची. १९६४ मध्ये पॉन्टिॲकने जीटीओ काढून हे खूळ जोरात सुरू केलं, पुढची काही वर्षं डेट्रॉइटमध्ये सगळ्यांनी एकमेकांवर कडी केली, मग इन्शुरन्सवाल्यांनी प्रीमियम वाढवले, धुराचे नियम आले, १९७३ ला तेल भडकलं आणि खेळ आटोपला. माझ्या टेबलावर सध्या आहे ती १९७० ची डॉज चॅलेंजर आर/टी (आर/टी म्हणजे तिचं जोरकस मॉडेल), इंजिन ४२६ हेमी, हेमी हे इंजिनाचं नाव. ४२६ म्हणजे क्युबिक इंच, आपल्या हिशोबात सात लिटर, म्हणजे मारुती ८०० ची जवळजवळ नऊ इंजिनं एका बॉनेटखाली. ४२५ हॉर्सपॉवर. खरोखरची आणून संध्याकाळी सात वाजता ठाण्यात घोडबंदर रोडला लावली असती तर कासारवडवलीपर्यंत तिने नुसतं उभ्या उभ्या पेट्रोल प्यायलं असतं आणि दोन्ही बाजूंनी ॲक्टिव्हावाले पुढे.

ही खेळणी आहेत का, ह्यावर आमच्या घरात मतभेद आहेत. सरकारच्या मनात मात्र काही शंका नाही. आयातीच्या यादीत स्केल मॉडेल खेळण्यांच्याच रांगेत बसतं आणि खेळण्यांवरची कस्टम ड्यूटी २०२० मध्ये २० वरनं ६० टक्के झाली, २०२३ मध्ये ७०. हे मी घरी एकदा रागारागाने वाचून दाखवलं, म्हटलं बघा काय अन्याय आहे, तर बायको म्हणाली, "बघ, सरकार पण खेळणंच म्हणतंय." तेव्हापासनं मी बातम्या मनात वाचतो.

किट उघडलं की आत फ्रेमला लटकलेले शंभराच्या आसपास पार्ट, आणि जुन्या पद्धतीच्या किटमध्ये तर गाडी एक पण सामान तीन गाड्यांचं. एएमटी कंपनीने १९५८ मध्ये ही चाल काढली, एकाच डब्यातनं शोरूमची गाडी बनवा, नाहीतर कस्टम बनवा, नाहीतर रेसची. आता गाडी तुम्ही एकच बनवणार ना, मग उरलेली चाकं, स्कूप (बॉनेटवरचं हवा आत घेणारं तोंड), बंपर, कार्ब्युरेटर टाकून थोडेच देणार? ते पुढच्या गाडीच्या कस्टमला लागतात. म्हणजे लागतील. म्हणून ते श्रीखंडाच्या डब्यांत भरून ठेवलेत आणि आमच्याकडे कोणी पाहुणा आपण होऊन डबा उघडायला गेला की सगळं घर एका सुरात ओरडतं, "तो नको!"

आता मोझॅक. आमची बिल्डिंग नौपाड्यातली जुनी, रीडेव्हलपमेंटच्या मीटिंगा चालूच आहेत, आणि फरशी अजून मोझॅकची. परदेशातले मॉडेलवाले हातनं पार्ट उडाला की कार्पेटने खाल्ला म्हणतात. कार्पेट परवडलं, मोझॅक फार बेरकी. चिमट्यातनं दारावरचा क्रोमचा आरसा सुटतो, जेमतेम पाच मिलिमीटरचा, टिक् असा एक आवाज येतो, मग जरा लांबनं दुसरा टिक्, आणि मग काही नाही. खाली वाकून बघावं तर काळे, पांढरे, राखाडी, विटकरी खडे, आणि त्यातला प्रत्येक खडा कुठल्या ना कुठल्या कोनातनं आरशासारखाच दिसतो. ह्यावर एकच उपाय म्हणजे गाल जमिनीला लावून आडवं व्हायचं, मोबाइलचा टॉर्च फरशीला टेकवून आडवा मारायचा, जे काय वर आलेलं असेल त्याची लांब सावली पडते. आमच्या हॉलमध्ये सावल्या पडतात त्या मोहरीच्या, साबुदाण्याच्या, एका टिकलीच्या, आणि कपाटाखाली तर एक अख्खी सुपारी होती, कुठल्या पूजेची ते आईलाही आठवेना.

ह्या बाबतीत आमच्या कामवाल्या मावशी म्हणजे देवमाणूस. केर काढून झाला की सुपली घेऊन खिडकीशी जातात, बोटाने चाळतात आणि जे जे चमकेल ते माझ्या टेबलावर आणून ठेवतात. आरसा मिळाला त्यांनाच. त्याच हिशोबाने गोळ्यांच्या पाकिटाची चांदी, स्टेपलरच्या पिना आणि एकदा आईच्या दाढेची निसटलेली कॅपही आली, जी मी भिंग लावून बराच वेळ फिरवून फिरवून बघितली, कारण हे इंजिनावर कुठे बसतं तेच कळेना.

पण खरी परीक्षा रंगाची. स्प्रेचे डबे विमानाने येत नाहीत, पेट घेणारा माल, त्यामुळे रंग इथेच शोधावा लागतो. १९७० च्या डॉजच्या रंगांची नावं बघा, गो मँगो, टॉप बनाना, प्लम क्रेझी, शेडकार्ड आहे का फळवाल्याची गाडी तेच कळत नाही. मला हवा होता प्लम क्रेझी, जांभळा. गाड्यांचे रंग मिक्स करून देणाऱ्या एका दुकानात गेलो, बरोबर बायको होती कारण आम्ही जांभळी नाक्यावरनं भाजी घेऊन येत होतो.

"गाडी कुठली?"

"डॉज चॅलेंजर. सत्तर सालची."

"कोड आहे का?"

"एफसी ७."

त्याने कॉम्प्युटरवर शोधलं. "नाही दाखवत. टचअप मारण्यापेक्षा फुल पेंट करून घ्या ना साहेब, एवढी जुनी गाडी. डेंटिंग पण असेल."

"नाही, डेंटिंग नाही. नवीनच आहे."

"सत्तर सालची नवीन?"

"हो म्हणजे, बंपर लावायचेत अजून."

"बरं. किती देऊ, दोन लिटर?"

"वीस मिली."

त्याने पेन खाली ठेवलं. मी मोबाइलवर फोटो दाखवला, तर म्हणाला स्क्रीनवरनं शेड लावत नाही, प्रत्येक फोनचा रंग वेगळा, सँपल आणा. (हे त्याचं बरोबर होतं, कामातला माणूस होता.) आता प्लम क्रेझीचं सँपल ठाण्यात कुठनं आणू? तेवढ्यात बायकोने पिशवीत हात घातला आणि भरताचं वांगं काढून काउंटरवर ठेवलं. मला वाटलं आता हा आम्हाला हाकलणार. पण त्याने ते उचललं, फडक्याने पुसलं, दुकानाच्या दारात उजेडात नेऊन फिरवून बघितलं आणि एकदम गंभीर होऊन विचारलं, "देठाजवळची शेड का मधली?" मग ते दोघं माझ्याकडे न बघता बोलत राहिले. मधलीच पण एवढी काळपट नको, निळा जरा वाढवा, थोडं सिल्व्हर टाका. शंभर मिलीच्या खाली देत नाही म्हणाला, डब्यावर मार्करने "वांगी" लिहून दिलं, आणि खरं सांगतो, शेड फोटोशी इतकी जुळली की मी रस्त्यातच दोनदा झाकण उघडून बघितलं. वांग्याचं रात्री भरीत झालं.

निघताना तोच म्हणाला होता, पावसाचं मारताय, रिटार्डर टाका. कारण असं की लॅकरमधला थिनर भर्रकन उडतो, उडताना पत्रा असो का प्लास्टिक, थंड करून जातो, आणि जुलैत ठाण्याच्या हवेत पाणी तर तयारच बसलेलं, ते ओल्या रंगावर येऊन बसतं आणि झकास जांभळ्यावर दुधाची साय आल्यासारखा पांढरट पडदा धरतो. रिटार्डर घातलं की थिनर सावकाश उडतो, पडदा येत नाही. फक्त रंग वाळायला वेळ जास्त, आणि ओला रंग जितका वेळ उघडा तितका वेळ धुळीला आमंत्रण, त्यात बाजूची बिल्डिंग पाडायला घेतलेली. म्हणजे ओल वाचवावी तर धूळ, धूळ वाचवावी तर ओल.

धुळीचा हिशोब स्केलमध्ये केला की झोप उडते. माझ्या बॉनेटवरचा एक मिलिमीटरचा कण म्हणजे खऱ्या गाडीवर अडीच सेंटिमीटरचा टेंगूळ. रंगाचा थर जरा जाड झाला, पाव मिलिमीटर, की झाला खऱ्या गाडीवर सहा मिलिमीटरचा गिलावा, दाराच्या फटी बुजल्या, टपावरच्या रेषा गायब. म्हणून मी बाथरूममध्ये रंग मारतो, सगळ्यात कमी धूळ तिथेच. दार बंद, एक्झॉस्ट चालू, तोंडाला मास्क, बाहेर सासरे टॉवेल घेऊन उभे. तिसरा हात काय सुंदर बसला म्हणून सांगू, उजेडाची रेघ टपावर सरळ, कुठे संत्र्याच्या सालीसारखे खड्डे नाहीत, आणि मी श्वास रोखून बघतोय तर वरनं एक डास उतरला आणि टपाच्या बरोब्बर मध्यावर बसला. बसला तो बसलाच, उठता येईना. सहा मिलिमीटरचा डास, गुणिले पंचवीस, पंधरा सेंटिमीटर. खऱ्या गाडीवर ही चिमणी. असल्या वेळी हात लावायचा नसतो, पूर्ण वाळू द्यायचं, मग दोन हजारचा वॉटर पेपर ओला करून हळूहळू डास घासून काढायचा आणि वर परत एक हात, हे पुस्तकी ज्ञान मला होतं. बाथरूममध्ये एवढ्या हळू आवाजात शिव्या देता येतात हे मात्र नव्याने कळलं.

वाळवायला तिकडचे लोक फळं सुकवायचं मशिन वापरतात. मीही आणलं. घरात सांगताना अर्थातच सांगितलं की आईला आवळकाठी, आमसुलं करायला बरं, पावसात ऊन कुठे मिळतं. आई इतकी खूश झाली की तिने ते मनावर घेतलं. आता प्लास्टिकची गाडी चाळीस डिग्रीच्या वर ठेवत नाहीत, आकार सोडते, आणि आवळ्याला लागतात साठ. एका दुपारी मी ऑफिसात, खालच्या ट्रेवर चॅलेंजरचं बॉनेट, आणि आईने वरच्या ट्रेवर आवळे लावून नॉब फिरवला. घरी आलो तर आवळे अप्रतिम झालेले. बॉनेट मधनं वर आलं होतं. आई म्हणाली, "अरे, मला वाटलं तसंच असतं ते, फुगीर." मग मी श्रीखंडाचा डबा काढला, उचललेला भाग कापला, तिथे रेसच्या गाडीचा उभा स्कूप बसवला, लांबी भरली, घासली. गाडी शोरूमची व्हायची होती ती कस्टम झाली. आवळकाठीला मात्र थिनरचा किंचित वास येतो, पण ते मी अजून कोणाला बोललो नाहीये.

ह्या सगळ्यात मला मनापासून आवडणारं काम म्हणजे इंजिनाच्या वायरी. किटमध्ये नुसता ठोकळा येतो. मी पॉइंट चार मिलिमीटरच्या ड्रिलने डिस्ट्रिब्युटरला, म्हणजे प्लगना करंट वाटून देणाऱ्या डबीला, भोकं पाडतो, जुन्या हेडफोनमधली बारीक वायर काढतो आणि आठ सिलिंडरना आठ वायरी नेतो, तेही खऱ्या फायरिंग ऑर्डरने, म्हणजे सिलिंडर ज्या क्रमाने पेटतात त्या क्रमाने, १-८-४-३-६-५-७-२. बॉनेट लागलं की ह्यातलं काही म्हणजे काही दिसत नाही. "मग कशाला?" ह्याला माझ्याकडे उत्तर नाही, पण चुकीची लावली असती तर मला माहीत असतं ना.

आजवर कोणी वाकून बघितलं नव्हतं, ते परवा तळमजल्यावरच्या काकांनी बघितलं. काका एसटीच्या वर्कशॉपमधनं रिटायर झालेले, मीटिंगची नोटीस द्यायला आले होते. गाडी दिसली, खुर्ची ओढली, चष्मा कपाळावर चढवला, खिशातला टॉर्च काढला. चालते का विचारलं नाही. बॉनेट उचलून बराच वेळ आत बघत राहिले. माझी छाती नुसती धडधडत होती.

"ह्या प्लगच्या वायरी का रे?"

"हो काका, फायरिंग ऑर्डरप्रमाणे लावल्यात."

"असतील. आमच्या गाड्या डिझेलच्या, आम्हाला प्लगच नव्हते." मग टॉर्च जरा पुढे सरकवला. "पण बॅटरीला केबल नाही तुझ्या."

मी बघितलं. नव्हती.

"स्टार्टर कशावर मारणार? आणि हीटरचे होज कुठायत? तिकडे बर्फ पडतो ना?"

काका चहा न घेताच गेले. त्या रात्री मी चिकटवलेलं रेडिएटर परत काढलं, आणि हेडफोनची वायर बॅटरी केबलला फार बारीक पडते म्हणून आता चार्जरच्या जाड वायरीच्या मागे आहे. कालही काका जिन्यात भेटले. म्हणाले, रविवारी येतो, खालनं बघायची राहिलीय, ब्रेकचे पाइप कुठनं नेलेस ते दाखव.