रापा नुईची माणसं संपलेली नाहीत: एका प्रतिक्रियेला उत्तर

सविस्तर प्रतिक्रियेबद्दल मनापासून आभार. तुमचे आक्षेप दोन आहेत. पॅसिफिक महासागरातल्या ईस्टर आयलंडवर, म्हणजे रापा नुईवर, आम्ही दोघं जेमतेम काही दिवस राहिलो, तेवढ्यावर लेख लिहिणं उथळपणाचं आहे, हा पहिला. दुसरा असा की, मोआई नावाचे प्रचंड दगडी पुतळे ओढायला सगळं जंगल तोडून, उपाशी मरून, एकमेकांच्या जिवावर उठून ही माणसं स्वतःच्या हातानं संपली, आणि मी ते लपवून सगळं गोडगोड लिहिलं.

दुसऱ्यापासून सुरुवात करते, कारण तो मनाला जास्त लागला.

जंगल गेलं हे खरंच आहे. एके काळी बेटावर ताडाच्या जातीच्या झाडांची दाटी होती. शेतीसाठी लोकांनी ती तोडली, जाळली. होड्यांमधून आलेल्या उंदरांनी बिया कुरतडल्या आणि नवी झाडं धरेनात. पण झाडं गेली म्हणजे माणसंही संपली, हे कशावरून? २०२४ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत इथल्या लोकांच्या १५ पूर्वजांच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सतराव्या शतकात लोकसंख्या कोसळल्याचा पुरावा त्यात सापडत नाही. उलट १८६० च्या दशकापर्यंत ती सावकाश वाढतच होती, असं दिसतं.

झाडांशिवाय माणसं जगली कशी, हे तिथे पायाखालीच दिसतं. शेतभर दगड पसरलेले असतात. पहिल्यांदा बघताना वाटतं, ही कसली नापीक जमीन! पण ते दगड माणसांनी मुद्दाम आणून घातलेत. त्यांच्याखाली ओल टिकते, वाऱ्यानं माती उडत नाही आणि रताळी पोसतात. शिवाय ‘मानावाई’ म्हणजे दगडांची गोल कुंपणं. अशाच एकापाशी आम्ही थांबलो होतो. बाहेर वारा इतका, की ओढणी सांभाळता येत नव्हती. आत वाकले तर केळीची पानं जवळजवळ स्तब्ध. उघड्यावरच्या केळीच्या मात्र चिंध्या झालेल्या. ज्यांनी हे शोधून काढलं, त्यांना अविचारी म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पुतळ्यांचंही तेच. मोआई ओंडक्यांवरून ओढत नेले, हा एक तर्क आहे. टेरी हंट आणि कार्ल लिपो या संशोधकांनी चार टनांहून जड प्रतिकृती फक्त दोरखंडांनी, अठरा माणसांच्या बळावर, उभ्या उभ्या डोलवत चालवून दाखवली. मोआई चालत गेले, असं तिथली माणसं पिढ्यान् पिढ्या सांगत आली आहेत. पुतळे जिथे कोरले जायचे, त्या रानो राराकूच्या खाणीत आमच्या वाटाड्या बाईंनी पुतळ्यांचे डोळे बघायला सांगितले. खोबणीच नाहीत! फक्त भुवईखालची सावली. खोबणी कोरल्या जायच्या त्या पुतळा आहूवर, म्हणजे त्याच्या चौथऱ्यावर, उभा राहिल्यावर. मग पांढऱ्या प्रवाळाचे डोळे बसवायचे. आपल्याकडे मूर्तीची प्राणप्रतिष्ठा होते, तसंच काहीसं.

लोकसंख्या कोसळली, पण ती कधी आणि कुणामुळे, हे ऐका. १८६२-६३ मध्ये पेरूच्या गुलाम-व्यापाऱ्यांनी सुमारे दीड हजार माणसं पळवून नेली. ओरड झाल्यावर मोजकी जिवंत परतली, ती देवीची साथ घेऊन. रोंगोरोंगो ही बेटाची लिपी वाचू शकणारेही यातच गेले. ती आजतागायत कुणाला वाचता आलेली नाही. १८७७ मध्ये बेटावर १११ माणसं उरली होती. चिलीनं १८८८ मध्ये बेट ताब्यात घेतलं, पुढे जवळजवळ सगळी जमीन मेंढ्या पाळणाऱ्या कंपनीकडे गेली आणि मूळ रहिवाशांना हांगा रोआ या एका गावात कोंडलं गेलं. कंपनी गेली १९५३ मध्ये. नागरिकत्वाचे हक्क मिळाले थेट १९६६ मध्ये. एवढं सगळं बाहेरच्यांनी केल्यावर ‘स्वतःच्या हातानं संपली’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं, म्हणून ते वाक्य माझ्या लेखात नाही.

आता मुक्कामाबद्दल. थोड्या दिवसांत बेट कळत नाही, हे मान्य. पण बेट आहे १६४ चौरस किलोमीटरच्या आसपास, चिलीची राजधानी सांतियागोहून विमानानं पाच तासांहून जास्त लांब, आणि सिमेंटपासून गॅसपर्यंत बहुतेक सगळं बाहेरून येतं. पर्यटकांच्या मुक्कामाला २०१८ पासून ३० दिवसांची मर्यादा आहे, ती याच ताणामुळे. पाहुण्यानं कमी राहावं, सांगितल्या वाटेनं चालावं, आहूवर पाय ठेवू नये, हेच मला योग्य वाटतं. राष्ट्रीय उद्यानाचा कारभार आता ‘माऊ हेनुआ’ ही रापानुई लोकांची संस्था बघते आणि बहुतेक ठिकाणी स्थानिक वाटाड्याशिवाय प्रवेश नाही. काहींना हा जाच वाटतो. आम्हाला त्यामुळेच इतकं ऐकायला मिळालं.

‘नामशेष झालेली संस्कृती’ असा बदल शीर्षकात करा, असं तुम्ही सुचवलंय. तो मी करणार नाही. आम्हाला खाण दाखवणाऱ्या बाई वाटेत भेटेल त्याच्याशी रापानुई भाषेत बोलत होत्या.