‘एसटीवाल्यांना प्रोजेक्ट मॅनेजमेंट कशाला?’ : एका फॉरवर्डला उत्तर

एक मेसेज सध्या या ग्रुपमधून त्या ग्रुपमध्ये फिरतोय. शब्द थोडे इकडचे तिकडे, पण मजकूर एकच. एसटी, मुंबईची बेस्ट, पुण्याची पीएमपी यांच्या अधिकाऱ्यांना प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं प्रशिक्षण म्हणजे पैशांची उधळपट्टी. यांनी गाड्या वेळेवर सोडाव्यात, प्रकल्प बघायला कन्सल्टंट आहेत. ‘मेट्रोमॅन’ श्रीधरन कुठल्या कोर्सला गेले होते? शिवाय आता गाडी कंपनीची, ड्रायव्हर कंपनीचा, मग महामंडळाला सांभाळायला उरलंय काय? आणि प्रशिक्षण म्हणजे तरी काय, एसी हॉल, चहा-समोसा आणि एक सर्टिफिकेट.

शेवटच्या वाक्यात तथ्य आहे, त्याकडे नंतर येतो. बाकीचं एकेक करून बघू.

पहिलं म्हणणं : यांनी गाड्या सोडाव्यात, प्रकल्प हे यांचं काम नाही.

१ जून १९४८ ला पहिली एसटी पुण्याहून नगरला गेली. २०२२ मध्ये त्याच तारखेला, त्याच मार्गावर विजेवरची शिवाई सुरू झाली. मधल्या काळात स्थानकं बांधली, आगारं वाढवली, कागदी तिकिटांच्या ट्रेची जागा मशीननं घेतली, आरक्षण ऑनलाइन गेलं. हे सगळे प्रकल्पच होते. फक्त आपल्याकडे त्यांना ‘काम निघालंय’ म्हणतात आणि ते रोजच्या ड्यूटीवर आणखी एक ओझं म्हणून कुणाच्या तरी टेबलावर येऊन पडतं.

डिझेलच्या आगारात ई-बस आणायची म्हणजे काय काय लागतं ते नुसतं मनात मोजून बघा. महावितरणकडे उच्चदाब जोडणीचा अर्ज. भार मंजूर झाला की रोहित्र, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, बसवायला जागा. केबलसाठी चर खणायचा, तर तो नेमका गाड्या बाहेर पडायच्या वाटेतूनच जाणार की काय? पावसाळ्यात आगाराच्या कुठल्या कोपऱ्यात गुडघाभर पाणी साचतं? चार्जरची गन गाडीच्या कोणत्या बाजूला पोचते? त्यावरून गाड्या तोंडानं लावायच्या की उलट्या, हे ठरणार, आणि त्यावरून आगारात किती गाड्या मावतील तेही. हे सगळं चालू असताना पहाटेच्या फेऱ्या थांबत नाहीत. त्यात स्थापत्य एका शाखेकडे, वीज दुसरीकडे, गाड्या यांत्रिककडे, वेळापत्रक वाहतूककडे. बोलणी मात्र सगळ्यांची खाणार आगार व्यवस्थापक.

त्यात मुक्कामी गाडी घ्या. संध्याकाळी गावात जायची, रात्रभर तिथेच थांबायची आणि पहाटे कॉलेजची पोरं, दवाखान्याला निघालेली म्हातारी माणसं घेऊन तालुक्याला यायची. डिझेलची गाडी देवळापुढे लावून चालक-वाहक निवांत झोपू शकतात. ई-बसला त्या गावात चार्जर नाही. आगारातून निघताना बॅटरी किती होती, घाटात किती गेली, सकाळी प्रवाशांनी भरलेली गाडी परत येईपर्यंत किती उरेल, हे गणित मांडायला मुक्कामी गाडी म्हणजे काय हे ठाऊक असलेलाच माणूस हवा. मुंबई-दिल्लीच्या ऑफिसात बसून आराखडा काढणाऱ्याला ती नकाशावर दिसतही नाही. पण नुसतं ठाऊक असून भागत नाही. आराखडा मंजूर व्हायच्या आधी ते म्हणणं लेखी, आकड्यांसह आणि योग्य बैठकीत पोचायला हवं. आगारातल्या माणसाकडे माहिती असतेच. ती वेळेत कागदावर आणून मान्य करून घेणं त्याला कुणी शिकवलेलं नसतं. प्रशिक्षण हवं आहे ते एवढ्यासाठी.

चालवणारा बाजूला ठेवून बांधलं की काय होतं, ते पुणेकरांना मी सांगायची गरज नाही. डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर देशातली पहिली बीआरटी, म्हणजे बससाठी राखलेल्या वेगळ्या मार्गिकेवरची सेवा, धावली. रस्ता महापालिकेचा, सिग्नल पोलिसांचे, गाड्या पीएमटीच्या. पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी मिळून पीएमपी झाली ती २००७ मध्ये, म्हणजे मार्ग सुरू झाल्यानंतर. अहमदाबादेत २००९ ला जनमार्ग ही बीआरटी सुरू झाली, तेव्हा ती चालवणारी वेगळी कंपनी आधीच उभी होती. पुण्याची बीआरटी नीट चालली नाही, ती एकाच कारणानं असं मी म्हणत नाही. पण चालवणाऱ्याला शेवटी बोलावलं, हे त्यातलं एक कारण नक्की.

दुसरं : कन्सल्टंट आहेत की.

आहेत, आणि असावेतही. प्रश्न एवढाच, की त्यांनी आणलेला कागद बरोबर आहे की नाही हे कोण बघणार?

बॉस्टनचं उदाहरण घ्या. तिथल्या एमबीटीए या सरकारी परिवहन संस्थेनं ग्रीन लाइन ही ट्रामसारखी मार्गिका सॉमरव्हिल आणि मेडफर्डपर्यंत वाढवायला घेतली. अंदाज सुमारे २ अब्ज डॉलरचा. २०१५ मध्ये उघड झालं की आकडा ३ अब्जांकडे चाललाय. काम थांबलं, डिसेंबरात कंत्राटं मोडली. कन्सल्टंट कमी होते म्हणून नव्हे, ते भरपूर होते. कंत्राटाची पद्धत अशी होती, की आराखडा पुरा व्हायच्या आधीच बांधकाम कंपनीला सोबत घ्यायचं आणि तुकड्या-तुकड्यानं किंमत ठरवत जायचं. पद्धत वाईट नाही. पण एमबीटीएनं ती आधी कधी वापरली नव्हती आणि समोरच्यानं भाव सांगितला की ‘हे जास्त होतंय, कसं ते दाखवा’ म्हणायला घरची माणसं फार थोडी. नंतर स्थानकं साधी केली, प्रकल्पासाठी स्वतःचे कर्मचारी नेमले, २.३ अब्जांचं नवं बजेट बांधलं आणि २०२२ मध्ये मार्ग दोन टप्प्यांत सुरू झाला.

गंमत म्हणजे अमेरिकेत हे सगळं नियमात आहे. मोठ्या वाहतूक प्रकल्पाला केंद्राचा पैसा हवा असेल तर प्रकल्प कसा सांभाळणार याचा लेखी आराखडा द्यावा लागतो, त्यात तुमची माणसं कोण हेही लिहावं लागतं. न्यू जर्सीतल्या रटगर्स विद्यापीठात परिवहन संस्थांच्या कर्मचाऱ्यांना शिकवणारी एक राष्ट्रीय संस्था १९९०च्या दशकापासून चालू आहे. तरीही बॉस्टनला घोळ झाला. म्हणजे प्रशिक्षण हा काही रामबाण नाही, हे मलाही मान्य. पण घोळ निस्तरताना त्यांनी पहिल्यांदा घरची माणसं वाढवली, हे तुमच्या मेसेजात बसत नाही.

तिसरं : श्रीधरन कुठल्या कोर्सला गेले होते?

हा मुद्दा टाळ्या घेतो, म्हणून जरा थांबू. डिसेंबर १९६४ च्या चक्रीवादळात तमिळनाडूतल्या पांबनच्या रेल्वेपुलाचा मोठा भाग वाहून गेला, तो श्रीधरन यांनी ४६ दिवसांत पुन्हा उभा केला. तेव्हा वय ३२. पुढे कोकण रेल्वे, मग दिल्ली मेट्रो. माणूस थोर, वादच नाही.

पण ते आभाळातून पडले नव्हते. ते रेल्वेच्या इंजिनिअरिंग सेवेत घडले, आणि आपल्या देशात अधिकाऱ्याला नोकरीभर शिकवत राहणारं सरकारी खातं दाखवायचं झालं तर ते रेल्वे. वडोदऱ्याचं रेल्वे स्टाफ कॉलेज १९५२ चं. रुळ-पूल-बोगदे शिकवणारी इरिसेन १९५९ ची, आणि ती आपल्या पुण्यात, कोरेगाव पार्कला आहे. भरती झालेला इंजिनिअर आधी शिकाऊ म्हणून साइटवर फिरतो, मग वरच्या जागेवर जाताना पुन्हा वर्गात बसतो. श्रीधरन यांचं उदाहरण द्यायचं तर हे सगळं सोबत येतं.

दिल्लीत गेल्यावर त्यांनी काय केलं तेही बघा. डिसेंबर २००२ मध्ये शाहदरा ते तीस हजारी ही पहिली मेट्रो धावली. त्याआधी माणसं हाँगकाँगच्या मेट्रोत शिकायला पाठवली होती आणि शास्त्री पार्कला स्वतःची प्रशिक्षण शाळा उघडली होती. परदेशी सल्लागार होते, पण निर्णय मेट्रोची माणसं घेत. ऑफिसात उलटी मोजणारी घड्याळं लावलेली असत : अमुक टप्प्याला इतके दिवस उरले. ज्यांना कोर्सची गरज नव्हती असं सांगितलं जातं, त्यांनी आपल्या माणसांसाठी शाळा काढली होती!

चौथं : सगळं कंत्राटावर गेलं, आता उरलंय काय?

इथे मेसेज लिहिणाऱ्यानं गोष्ट बरोबर उलटी धरलीय. गाडी महामंडळाची होती तेव्हा चूक झाली तर रात्री चार मिस्त्री बसवून निस्तरता येत होती. आता ती कराराच्या कलमात जाऊन बसते. ई-बसचे बहुतेक करार किलोमीटरमागे ठरलेल्या दरानं होतात. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेली पीएम ई-बस सेवा, म्हणजे १०,००० गाड्या आणि ५७,६१३ कोटींचा अंदाज, तीही याच धाटणीची. तिकिटाचे पैसे परिवहन संस्थेचे, म्हणून तोटाही संस्थेचा. कंपनीला ठरावीक किलोमीटरची हमी असते. चार्जिंग न झाल्यानं गाडी उभी राहिली तर दंड कंपनीला. पण वीजजोडणी देणं संस्थेकडे होतं आणि ती उशिरा आली, तर? मग गाडी न धावताही बिल संस्थेच्या दारात येऊ शकतं.

एसटीनं ५,१५० ई-बससाठी करार केला. गाड्या वेळापत्रकाप्रमाणे आल्या नाहीत आणि मे २०२५ मध्ये परिवहन मंत्र्यांनी करार रद्द करायला सांगितलं. त्यात दोष कुणाचा, हा या लेखाचा विषय नाही. पण असा कुठलाही वाद लवादापुढे किंवा कोर्टात गेला की तिथं भाषणं चालत नाहीत. जागा कोणत्या तारखेला ताब्यात दिली, उशिराची नोटीस कधी दिली, मुदतवाढ मागितली तेव्हा उत्तर कुणी आणि किती दिवसांत दिलं, हे विचारतात. तारखांची ही वही रोज भरायला हवी, नोटीस मुदतीत जायला हवी. साहेब बदलले तरी वही बदलता कामा नये. हे काम कुठलीही कंपनी संस्थेसाठी करणार नाही, कारण ते तिच्याच विरुद्ध वापरलं जाणार असतं.

बेस्टकडेही बघा. भाड्यानं घेतलेल्या गाड्या चालवणाऱ्या एका ठेकेदारानं अंग काढून घेतलं, ऑगस्ट २०२३ मध्ये ठेक्यावरच्या चालकांनी पगारासाठी संप केला. स्टॉपवर उभ्या माणसानं शिव्या घातल्या त्या बेस्टला. ठेकेदाराचं नावही त्याला माहीत नव्हतं.

पैसे नाहीत, हा मुद्दा मी दोन ओळींत संपवतो. पगार रखडतात तिथे प्रशिक्षणाचा खर्च डोळ्यात खुपणं साहजिक आहे. पण हजारो कोटींच्या करारावर सही करताना, तो वाचता येणारी चार माणसं तयार करायला पैसे नाहीत म्हणणं हा हिशेब मला तरी जुळत नाही.

राहिला चहा-समोसा. हा टोमणा योग्य जागी लागतो. सॉफ्टवेअर कंपनीसाठी तयार केलेल्या स्लाइड एसटीच्या अधिकाऱ्यांपुढे वाचून दाखवणं, ज्याला सवड आहे त्याला पाठवणं, शिकून आला की तीन महिन्यांत त्याची बदली करणं, हे चालतं आणि ते बंद व्हायलाच हवं. पण शिकवायची सोय नाही असं कुणी म्हणू नये. राज्यांच्या परिवहन महामंडळांसाठी १९६७ मध्ये काढलेली सीआयआरटी भोसरीला उभी आहे, एसटीची स्वतःची मध्यवर्ती प्रशिक्षण संस्थाही भोसरीतच.

मला विचाराल तर तुकडी आगारवार असावी. आगार व्यवस्थापक, विजेचं बघणारा पर्यवेक्षक, वेळापत्रक लावणारा, स्थापत्यचा अभियंता आणि बिलं पास करणारा लेखा शाखेचा माणूस, पाचही जण एकाच बाकावर. समोर पुस्तक नको, त्यांच्याच आगाराचा नकाशा आणि त्यांच्याच कराराची प्रत हवी. पहिल्या दिवशी त्यांनी फक्त शोधायचं, की या करारात ‘संस्थेनं करायचं’ असं कुठं कुठं लिहिलंय आणि त्यापुढे कुणाचं नाव आहे. वर्ग भरायला हवा तो चर खणायच्या आधी. आणि काम पुरं होईपर्यंत त्या पाच जणांची बदली नको.