चातकाच्या भरवशावर तिफण काढू नका

आमच्या भागातल्या गावोगावच्या ग्रुपवर एक संदेश फिरतोय: 'पक्षी थंडीच्या मागे येतात आणि ऊन लागलं की पळतात. थंडी लांबली म्हणून तलाव ओस पडले. आपला परदेशी पाहुणा सारस त्यामुळेच कमी झाला. आणि चातक दिसला की आठ दिवसांत पेरणीचा पाऊस, बिनधास्त पेरा.'

शेवटचं वाक्य आधी घेतो, कारण त्यात बियाण्याचा पैसा अडकलाय. चातक मोसमी वाऱ्यांसोबत आफ्रिकेतून समुद्र ओलांडून येतो, हे खरं. मे अखेरीस किंवा जूनमध्ये तो आपल्याकडे दिसू लागतो, हेही खरं. पण पहिल्या सरीनंतर पाऊस टिकेल की पंधरा दिवस दडी मारेल, हे त्याच्या येण्यावरून कळत नाही. आमच्या धुऱ्यापलीकडच्या वावरात एका वर्षी पहिल्याच सरीवर पऱ्हाटी टोबली होती. नंतर माती उकरून पाहिली, तर सरकी फुगून फुटलेली, कोंब वर येण्याआधीच करपलेला, आणि खाली बोटभर अंतरावर कोरडी धूळ. दुबार पेरणीचा खर्च पक्षी भरत नाही. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो, तेच धरा.

त्यात अनेकजण चातक आणि पावशा यांची गल्लत करतात. 'पेरते व्हा' म्हणतो तो पावशा. तो समुद्रापलीकडून येत नाही, इथंच असतो आणि चैत्रापासून ओरडतो. त्याचं ऐकायचं तर एप्रिलमध्येच पेरावं लागेल.

आता थंडीचं. भोरड्या, म्हणजे मध्य आशियाकडून येणाऱ्या पळसमैना, आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्येच यायला लागतात, तेव्हा अंगाला घामाच्या धारा असतात. फाल्गुनात त्या पळसाच्या फुलांवर तुटून पडतात, आणि एप्रिलच्या रखरखीतही त्यांचे थवे दिसतात. थंडी पाहून येणारा पक्षी असा वागेल का? मध्य आशियातल्या पक्ष्याला गोंदियाचं तापमान कळायला मार्ग नाही. त्याला कळतो तो दिवस लहान-मोठा होणं. 1920 च्या दशकात कॅनडात विल्यम रोवन या प्राणीशास्त्रज्ञानं ऐन हिवाळ्यात पिंजऱ्यातल्या पक्ष्यांचा दिवस दिव्याच्या उजेडानं लांबवला. बाहेर कडाक्याची थंडी होती, तरी त्यांची शरीरं विणीला तयार झाली. हवामानानं निघण्याचे दिवस थोडे मागेपुढे होतात, एवढं मान्य. पण वेळापत्रकाचा पाया उजेडाचा आहे.

मग तलाव ओस का दिसतात? आधी तलावाकडे बघा. आपल्या मामा (माजी मालगुजारी) तलावांत गाळ भरलाय, बेशरम हे झुडूप माजलंय, काठाला पाण्यापर्यंत नांगर जातो. पाऊस लांबून तलाव तुडुंब राहिला तर थापट्या आणि तलवार बदकांना हवं ते उथळ पाणी उरत नाही, तुतारी या चिखलात चरणाऱ्या पक्ष्याला चालायला चिखल मिळत नाही. मग ते दुसरी बोडी (छोटं तळं) शोधतात. तुमच्या तलावावर नाहीत, म्हणजे आलेच नाहीत, असं होत नाही.

आणि सारस परदेशी नाहीच. गोंदियाचा सारस बारा महिने इथलाच, पावसाळ्यात धानाच्या बांधीत घरटं करणारा. त्याला धोका आहे तो फवारणीचा, बांधीवरून गेलेल्या विजेच्या तारांचा आणि पाणथळ जागा बुजण्याचा.