काजूच्या ॲलर्जीबाबत आपल्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार,

मोपा ते दिल्ली प्रवासात शेजारच्या रांगेत काजूचे पाकीट फोडले गेले, विमानातील कर्मचाऱ्यांनी काजू न खाण्याची घोषणा करण्यास नकार दिला आणि तिकीट काढून देणाऱ्या आमच्या कुडाळ कार्यालयाने हात झटकले, असे आपण लिहिले आहे. आपली मुलगी सुखरूप उतरली हे वाचून जीव भांड्यात पडला.

परंतु विमानात काजू-शेंगदाणे असणारच नाहीत, अशी हमी विमान कंपन्या देत नाहीत, आणि जी हमी त्या देत नाहीत ती आम्ही देणे म्हणजे आपल्या मुलीच्या जिवाशी खेळणे होईल. बुकिंगच्या वेळी आपल्याला हे लेखी कळवले होते. अमेरिकेतील साउथवेस्ट एअरलाइन्सने १ ऑगस्ट २०१८ पासून विमानात शेंगदाणे देणेच बंद केले, तरी प्रवाशाने स्वतः आणलेल्या खाऊचा प्रश्न तेथेही सुटला नाही. मोपाहून परतणाऱ्या पर्यटकांच्या हातातल्या पिशव्यांत तर वेंगुर्ल्याचे नाहीतर गोव्याचे काजूगर असतातच. विशेष जेवण नोंदवले तरी ते आपल्या ट्रेपुरतेच.

घोषणा व्हायला हवी होती, असे माझेही स्पष्ट मत आहे आणि तशी विनंती आम्ही कंपनीला आधीच कळवली होती. मात्र वासापेक्षा मोठा धोका असतो तो ट्रेवर, त्याच्या कडीवर, हात टेकायच्या जागेवर राहिलेल्या कणांचा, कारण ते बोटांवाटे तोंडात जातात. अशा प्रवाशांना इतरांच्या आधी चढून आपली जागा पुसून घेऊ द्यावी, असा निर्णय अमेरिकेच्या परिवहन खात्याने २०१९ मध्ये दिला. आपल्याकडेही ही मागणी काउंटरवर आग्रहाने करावी. पुसायला ओले वाइप्स घ्यावेत, नुसत्या सॅनिटायझर जेलने शेंगदाण्याचे प्रथिन निघत नाही.

आपण ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन चेक-इनच्या बॅगेत टाकले होते, हे वाचून मला सर्वांत जास्त काळजी वाटली. तीव्र प्रतिक्रिया काही मिनिटांत उसळते आणि ॲलर्जीची गोळी त्या इंजेक्शनची जागा घेऊ शकत नाही. ते डॉक्टरांच्या पत्रासह हातातल्या बॅगेत, वरच्या कप्प्यात न ठेवता पायाशी ठेवावे, ही कळकळीची विनंती.

परतीच्या प्रवासाबाबत कंपनीला आम्ही पुन्हा लेखी कळवले आहे. असे कण कमी असावेत म्हणून सकाळचे पहिले विमान हवे असल्यास सांगावे; त्या बदलासाठी आमचे सेवाशुल्क आकारले जाणार नाही.

आपला,
मालक, कुडाळ कार्यालय