‘ग्लास कॉकपिटची परीक्षा म्हणजे नाटक’ हा मेसेज पुढे पाठवण्याआधी

माझी बहीण अमळनेरला असते. तिचा मुलगा धुळ्याजवळ विमान शिकतोय, पुढच्या महिन्यात त्याची इन्स्ट्रुमेंट रेटिंगची, म्हणजे बाहेरचं न बघता नुसत्या उपकरणांवर उडवण्याच्या परवान्याची, परीक्षा आहे. परवा रात्री साडेदहाला तिचा फोन आला, “भाऊ, आम्हना पोऱ्या नुसता टीव्ही देखस का रे?”

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा तो मेसेज तिच्यापर्यंत पोचला होता. त्यात म्हटलंय, ग्लास कॉकपिटच्या, म्हणजे गोल घड्याळांऐवजी स्क्रीन असलेल्या विमानात परीक्षा ऑटोपायलटच देतो. स्क्रीन गेली की विमान आंधळं. अमेरिकेच्या अहवालानेच ही विमानं जीवघेणी ठरवलीत. आणि एअरलाइन अशा मुलांना दारात उभं करत नाही. कापसाचे पैसे फीमध्ये घातले म्हणून दाजी रात्रभर झोपले नाहीत. मी स्वतः हेच शिकवतो, त्यामुळे गप्प बसवत नाही.

ऑटोपायलटचं धादांत खोटं आहे. मेसेज अमेरिकेचा दाखला देतो, तर तिथल्याच परीक्षेचे निकष बघा. नॉन-प्रिसिजन अप्रोच, म्हणजे उतरण्याचा कोन न दाखवणाऱ्या उपकरणांवर धावपट्टीकडे येणं, किमान दोन करावे लागतात. त्यातला एक तरी ऑटोपायलटशिवाय, रडारची मदत न घेता. एक बॅकअप उपकरणांवर, त्या विमानात जो बिघाड खरोखर होऊ शकतो तो झालाय असं धरून. उंची 100 फुटांच्या आत, दिशा 10 अंशांच्या आत धरायची. मे महिन्यात दुपारी तापीकाठच्या तापलेल्या रानांवरून हे करून बघा, विमान हिसके देत वर उचललं जातं. आपल्याकडे या रेटिंगला इन्स्ट्रुमेंटचे 40 तास लागतात, त्यातले सिम्युलेटरवर जास्तीत जास्त 20. बाकीचे हवेतच.

आता स्क्रीन जाण्याचं, कारण बहीण याच वाक्याला घाबरली. गार्मिन जी1000 ही स्क्रीनची यंत्रणा असलेल्या सेसना 172 या छोट्या विमानात दोन स्क्रीन असतात. समोरची गेली तर मधल्या ऑडिओ पॅनेलवरचं लाल बटण दाबायचं, तीच माहिती दुसऱ्या स्क्रीनवर येते. विमानाचा कल मोजणारा सेन्सरच गेला तर क्षितिजाच्या जागी लाल फुली येते. मग नजर खाली न्यायची. तिथे तीन गोल घड्याळं आहेत, वेग, क्षितिज आणि उंची. वर काचेपाशी जुनं होकायंत्र आहेच. उतरायचं ते यांच्यावर, आणि हे मी मुलांकडून इतक्या वेळा करून घेतो की ती कंटाळतात. जुन्या विमानात ते घड्याळ चालवणारा व्हॅक्यूम पंप गेला की क्षितिजाचं घड्याळ हळूहळू कलतं, पण आपण बिघडलोय हे ते सांगत नाही. ढगात असताना मला ती लाल फुली परवडते.

मुलं खरी चुकतात ती वेगळ्याच ठिकाणी. गेल्या आठवड्यात सिम्युलेटरवर एक जण आयएलएसवर, म्हणजे धावपट्टीवरून येणाऱ्या रेडिओ संकेतांवर, उतरत होता. स्क्रीनवरची दिशा दाखवणारी सुई अगदी मधोमध. पण ती जांभळी होती, म्हणजे जीपीएसची. आयएलएसला ती हिरवी हवी. ग्लाइडस्लोपचं, म्हणजे उतरण्याचा कोन दाखवणारं, चिन्ह का येत नाही हे त्याला कळेना. मी बोललो नाही. शेवटी त्याचं त्यालाच दिसलं आणि त्याने अप्रोच सोडून दिला. ते बरोबरच केलं. ही चूक ऑटोपायलट सुधारत नाही, चुकीच्या सुईमागे तो इमानदारीने जातो.

अमेरिकेच्या अहवालात तथ्य आहे, हे मान्य करावं लागेल. 2010 मध्ये तिथल्या एनटीएसबीने, म्हणजे अपघातांची चौकशी करणाऱ्या मंडळाने, 8,000 हून जास्त हलक्या विमानांचा अभ्यास केला. ग्लास कॉकपिटवाल्यांचे एकूण अपघात कमी निघाले, पण जीवघेण्या अपघातांचं प्रमाण जास्त. मेसेजवाल्याने नेमकं एवढंच उचललं. ही विमानं लांबच्या प्रवासाला आणि ढगांत जास्त उडत होती, हे त्याच अहवालात आहे. आणि मंडळाने काय मागितलं? स्क्रीन काढून टाका असं नाही, त्या-त्या उपकरणाचं वेगळं प्रशिक्षण द्या, असं. भाचा दीड वर्ष तेच घेतोय.

एअरलाइनबद्दल काय बोलायचं? एअरलाइन वापरतात ते एअरबस ए320 हे प्रवासी विमान 1988 पासून स्क्रीनवरच उडतंय.

दाजी, दिवाळीची वाट बघू नका. या रविवारी तो घरी आला की त्याला खुर्चीत बसवा, डोळे मिटायला सांगा आणि विचारा, समोरची स्क्रीन गेली तर काय करशील? त्याचा हात कुठे जातो ते बघा, आणि मग मला फोन करा.