दार्जिलिंगच्या प्राणिसंग्रहालयाला अर्धा दिवस द्यावा

दार्जिलिंगच्या पद्मजा नायडू हिमालयीन प्राणिसंग्रहालयाला तासभर पुरतो, हे लेखातील मत मला पटले नाही. गेल्या वर्षी सहलीत मी आणि पत्नी तेथे सकाळी लवकर पोहोचलो, तेव्हा लाल पांडा फांदीवर बसून, मनगटाच्या वाढलेल्या हाडाचा अंगठ्यासारखा उपयोग करीत, बांबूची डहाळी पकडून एकेक पान खुडून खात होता आणि आमचे पाय तेथून निघत नव्हते. १९५८ साली सुरू झालेल्या या संस्थेचे मोठेपण पिंजऱ्यांच्या संख्येत नाही. येथे हिमबिबट्या आणि लाल पांडा यांचे प्रजनन केले जाते आणि २००३ मध्ये येथे जन्मलेल्या दोन लाल पांडा माद्या सिंगालीलाच्या जंगलात सोडण्यात आल्या, ही माहिती लेखात यायलाच हवी होती. त्याच आवारात हिमालयीन गिर्यारोहण संस्था आणि तेनसिंग नोर्गे यांची समाधीही आहे. वाट मात्र चढाची आहे, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांनी सावकाश, थांबत थांबत जावे. प्राणिसंग्रहालय गुरुवारी बंद असते, हेही कृपया लेखात जोडावे.