अर्ध्या किलोच्या जिवावर घरगुती प्रयोग: एका फिरत्या संदेशाला उत्तर

मांजराच्या पिल्लांच्या केसगळतीबद्दलचा एक संदेश हल्ली खूप फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: पिल्लाच्या अंगावर टक्कल पडलं, खपल्या धरल्या किंवा ते सारखं खाजवायला लागलं तर डॉक्टरकडे धावू नका, ही अंगातली उष्णता आहे. खोबरेल तेलात टी ट्री तेलाचे चार थेंब घालून चोळा. दर दोन दिवसांनी आंघोळ घाला. पिसवा असतील तर कुत्र्याचं औषध निम्मं वापरा. बाकी मांजर चाटून स्वतःच बरं होतं. घरातच राहणाऱ्या पिल्लाला तर असलं काही होतच नाही, आणि माणसांना यातलं काहीही लागत नाही.

लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसावा. पण यातली एक-दोन वाक्यं पिल्लाचा जीव घेऊ शकतात. म्हणून संदेशाचा क्रम सोडून सगळ्यात घातक वाक्यापासून सुरुवात करते.

‘कुत्र्याचं औषध निम्मं वापरा’

अजिबात नको. निम्मं नको, पाव नको, एक थेंबही नको. कुत्र्यांच्या मानेवर टाकायच्या बऱ्याच औषधांत पर्मेथ्रिन हे कीटकनाशक असतं, आणि तेही ४५ ते ६५ टक्के इतकं तीव्र. कुत्र्याचं यकृत ते पचवून बाहेर टाकतं. मांजराच्या यकृतात अशी रसायनं निकामी करण्याची यंत्रणा मुळातच कमकुवत असते. त्यामुळे ‘कुत्रा मोठा, पिल्लू छोटं, म्हणून मात्रा छोटी’ हा हिशोबच इथे लागू होत नाही. काही तासांत कान आणि चेहऱ्याचे स्नायू फडफडायला लागतात, लाळ गळते, तोल जातो, अंग थरथरतं आणि मग झटके येतात. औषध नुकतंच लावलेल्या कुत्र्याला बिलगून झोपलेल्या मांजरालाही हे होऊ शकतं.

चुकून लावलं गेलंच, तर लक्षणं दिसायची वाट पाहू नका. डॉक्टरांना फोन करा. पिल्लू शुद्धीत असेल आणि झटके येत नसतील तर कोमट पाणी आणि भांडी घासायच्या सौम्य द्रवसाबणाने तेवढी जागा धुवा, कोरडं करा, उबेत गुंडाळा आणि निघा. औषधाचं पाकीट सोबत घ्या. त्यावरचं घटकांचं बारीक अक्षर डॉक्टरांच्या खूप कामाचं असतं.

टी ट्री तेलाचीही तीच गत. ‘नैसर्गिक’ असल्यामुळे ते निरुपद्रवी ठरत नाही. ते कातडीतून आत शिरतं, शिवाय पिल्लू ते चाटणारच. पातळ केलेलं क्लोरोझायलेनॉलचं जंतुनाशक, फिनाइल, माणसांच्या खरजेवरचं बेन्झिल बेन्झोएटचं लोशन हे सगळं याच यादीत येतं. नुसतं खोबरेल तेल विषारी नाही, एवढं मान्य. पण ते बुरशी मारत नाही, पिसवा मारत नाही, आणि चाटून पोटात गेलं की जुलाब होऊ शकतात.

‘ही अंगातली उष्णता आहे’

खरी गंमत इथे आहे, कारण हे एक वाक्य निदानाचा प्रश्नच निकालात काढतं. पिल्लाच्या अंगावरचं टक्कल हे फक्त लक्षण आहे. त्यामागे चार-पाच अगदी वेगळ्या गोष्टी असू शकतात आणि प्रत्येकीचं औषध वेगळं असतं.

पहिला संशयित गजकर्ण. हा किडा नाही, बुरशी आहे. मांजरांत बहुतेक वेळा मायक्रोस्पोरम कॅनिस नावाची. चांगल्या उजेडात पिल्लाचा चेहरा, कानांच्या कडा आणि पुढचे पाय नीट न्याहाळा. गजकर्णाच्या चट्ट्यावर पुष्कळदा केस मुळापासून गेलेले नसतात. ते तुटलेले असतात, कापलेल्या गवताच्या खुंटांसारखे. मधली कातडी राखाडी, कोंड्याने भरलेली. कधी मिशाही अर्ध्यावर तुटलेल्या. खाज असेलच असं नाही, आणि चट्टा गोल असेलच असंही नाही. खाजवत नाही म्हणजे काही नाही, ही समजूत इथेच दगा देते.

दुसरा संशयित पिसवा. पिसू दिसली नाही म्हणजे नाही असं समजू नका. ती केसांतून सुळकन निसटते, पण तिची विष्ठा मागे राहते. शेपटीच्या बुडाशी आणि मानेवर बारीक दातांची फणी फिरवा. जे काळे कण निघतील ते ओल्या पांढऱ्या कागदी रुमालावर टाका आणि मिनिटभर थांबा. कणांभोवती तांबूस-तपकिरी वलय पसरलं तर ते पचलेलं रक्त आहे. साधी माती असेल तर असा रंग सुटत नाही. घरी करता येण्यासारखी आणि खरोखर उपयोगाची तपासणी हीच, आणि नेमका हिचाच त्या संदेशात पत्ता नाही.

तिसरे माइट, म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणारे किंवा न दिसणारे परजीवी. कानातले माइट असतील तर कानात काळपट तपकिरी, कोरडा भुगा साठतो आणि पिल्लू डोकं झटकत राहतं. खरजेचे माइट कानांच्या कडांपासून सुरुवात करतात. तिथे जाड, घट्ट खपल्या धरतात, मग त्या चेहऱ्यावर आणि मानेवर पसरतात. खाज इतकी असते की पिल्लू स्वतःला रक्तबंबाळ करून घेतं. तिसरी एक जात पाठीवर मोठमोठा कोंडा करते. भिंगाखाली पाहिलं तर तो कोंडा चक्क हलताना दिसतो. यांशिवाय उवा असतातच. जंत आणि अपुरं खाणं यांनीही केस रुक्ष आणि निस्तेज होतात, पण तेव्हा पोट फुगलेलं आणि पाठीचा कणा हाताला लागणारा असतो.

आता यातलं काय आहे ते ठरवणार कसं? डॉक्टर कातडी हलकेच खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, केस उपटून तपासतात, वुड्स लॅम्प नावाचा अतिनील दिवा लावतात. त्या प्रकाशात मायक्रोस्पोरम कॅनिसची लागण झालेले केस पुष्कळदा हिरवट चमकतात, पण दर वेळी नाही. म्हणून बुरशीची कल्चर चाचणीही (नमुन्यातली बुरशी वाढवून पाहणं) करतात, आणि तिचा निकाल यायला दोन-तीन आठवडे लागू शकतात. मलमं आणि कोंडाही त्या दिव्याखाली चमकून फसवतात. त्यामुळे आधी काहीबाही चोपडून मग दवाखान्यात नेलं की डॉक्टरांचं काम अवघड होतं.

सर्रास होणारा आणखी एक प्रकार: माणसांसाठी घरात पडलेलं, स्टेरॉइड मिसळलेलं मलम लावणं. खाज आणि लाली दोन दिवसांत कमी होते, सगळे खूश होतात. आत मात्र बुरशीला मोकळं रान मिळतं, कारण तिला रोखणारी कातडीची प्रतिकारशक्तीच स्टेरॉइडने दबलेली असते.

‘डॉक्टरकडे धावू नका’

जरा रक्ताचा हिशोब मांडू. मांजराच्या शरीरात किलोमागे साधारण ६० मिलिलिटर रक्त असतं. म्हणजे ५०० ग्रॅमच्या पिल्लात ३० मिलिलिटर, दोन मोठे चमचे. पिसवांच्या साधारण ७० माद्या दिवसाला मिळून १ मिलिलिटर रक्त पितात. अंगावर पिसवा भरपूर झालेल्या पिल्लात हा आकडा अवघड नाही. शरीर नवं रक्त बनवत असतं हे खरं, पण इतक्या लहान जिवाचं उत्पन्न या खर्चाला पुरत नाही. मोठ्या मांजराला पिसवा हा त्रास असतो. पिल्लाला त्याच पिसवांनी मरण येतं.

म्हणून आधी ओठ वर करून हिरड्या बघा. गुलाबी असतील तर ठीक. फिकट किंवा पांढरट असतील, पिल्लू गार लागत असेल, मलूल पडलं असेल, दूध किंवा खाणं सोडलं असेल, तर त्याच दिवशी, खरं तर त्याच तासाला निघा. जखमेत अळ्या दिसल्या, पू झाला, सूज आली, दुर्गंध यायला लागला किंवा डोळ्यांभोवतीची कातडी सुजून डोळा उघडेनासा झाला, तरी थांबायचं नाही. नुसता एखादा वाढता चट्टा, खपल्या, कान झटकणं किंवा रात्रंदिवस खाजवणं असेल आणि पिल्लू एरवी खात-खेळत असेल, तर एक-दोन दिवसांत दाखवलं तरी चालतं. तोवर त्याला इतर प्राण्यांपासून वेगळं ठेवा. चट्ट्याचा शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा, म्हणजे तो वाढतोय का ते कळतं. रोज वजन करा. पहिल्या काही आठवड्यांत पिल्लाचं वजन दिवसाला १० ते १५ ग्रॅम वाढायला हवं. ते थांबलं तर आजार फक्त कातडीपुरता राहिलेला नाही.

‘दर दोन दिवसांनी आंघोळ’

चार आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला अंगातली ऊब नीट राखता येत नाही. ओलं झालं की ते झपाट्याने गार पडतं, आणि गार पडलेल्या पिल्लाला दूधही पचत नाही. इतक्या लहान वयात पिसवा असतील तर बहुतेक औषधं चालतच नाहीत. डॉक्टर पहिल्यांदा फणीच सांगतात: फणी फिरवायची, निघालेल्या पिसवा साबणाच्या गरम पाण्याच्या वाटीत बुडवायच्या, दिवसातून दोन-तीनदा. कंटाळवाणं काम आहे, पण चालतं. पिल्लू मोठं झालं की वय आणि वजन पाहून, मांजरांसाठीच बनलेलं औषध डॉक्टर देतात.

गजकर्णात औषधी शाम्पू किंवा लाइम सल्फरचं (चुना-गंधकाचं) पाणी वापरतात हे खरं, सहसा आठवड्यातून दोनदा. पण ते औषध आहे, आंघोळ नव्हे. सोबत बहुधा पोटातून इट्राकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध असतं. शिवाय केस परत उगवले म्हणून उपचार थांबवायचे नसतात, बुरशी गेल्याचं चाचणीत दिसलं की थांबवायचे.

‘चाटून स्वतःच बरं होतं’

हे अर्धसत्य आहे, म्हणून जास्त पटतं. धडधाकट मांजराचा गजकर्ण कधी कधी आपोआप जातो. पण त्याला आठवडे, कधी महिने लागतात, आणि तेवढा काळ ते मांजर घरभर बीजाणू, म्हणजे बुरशीची सूक्ष्म बीजं, सांडत असतं. चाटण्याचा त्यात काही वाटा नाही. उलट खरखरीत जिभेने तेच बीजाणू अंगावर इतरत्र पसरतात. पिसवा आणि खरूज तर चाटून जातच नाहीत.

‘घरातच राहणाऱ्याला काही होत नाही’

पिसवा आणि बुरशीचे बीजाणू आपल्या कपड्यांवरून, दुसऱ्या प्राण्यावरून, पिल्लाच्या आईकडून आत येतात. पिसवांचे कोष रिकाम्या खोलीतही कित्येक आठवडे दबा धरून बसतात. बीजाणू तर अनेक महिने जिवंत राहू शकतात. म्हणून अंथरुणं धुणं, गळलेले केस रोज व्हॅक्यूमने किंवा ओल्या फडक्याने उचलणं हा उपचाराचाच भाग आहे.

संदेशाच्या बाजूने एक सांगायला हवं: प्रत्येक विरळ केसासाठी दवाखाना गाठायची गरज नसते. डोळा आणि कान यांच्या मधल्या पट्ट्यात मांजरांचे केस मुळातच विरळ असतात. अनेक नवे पालक याच पट्ट्याचे फोटो काढून घाबरतात. आई गाभण असताना तिला ताप किंवा मोठा ताण आला असेल तर काही पिल्लं राखाडी, चंदेरी छटेची जन्मतात. तो रंग काही महिन्यांत जाऊन खरा रंग येतो. चार-सहा महिन्यांच्या सुमाराला पिल्लाची मऊ लव गळून मोठ्या मांजराचे केस येतात. या तिन्हींत कातडी मात्र स्वच्छ असते. लाली नाही, खपल्या नाहीत, खाज नाही.

‘माणसांना लागत नाही’

गजकर्ण लागतो. लहान मुलं, वयस्कर माणसं आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले यांना लवकर लागतो. मांजराच्या खरजेचे माइट माणसावर फार काळ टिकत नाहीत, पण खाज सुटेल इतके चावतात. पिसवा घोट्याला चावतात. पिल्लाला औषध लावताना हातमोजे घाला, नंतर हात धुवा. घरात कुणाच्या हातावर किंवा मानेवर लाल कडेचा गोल चट्टा उठला, तर त्वचारोगतज्ज्ञांना घरात नवं मांजराचं पिल्लू आहे हे आधी सांगा. त्यांनी विचारायच्या आधीच सांगितलंत तर निदानाला लागणारा वेळ वाचतो.